नऊ वर्षांची एक ओळ

या महिन्यात आलेली दोन पत्रे आम्हाला अस्वस्थ करून गेली.

पहिले तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करणाऱ्या सभासदाचे. लाल डोळ्याच्या एका रुग्णाला आठवडाभर 'डोळे आलेत' म्हणून थेंब चालू होते. यांनी वरची पापणी उचलली, तर पातळ भिंतीचा पांढरा ब्लेब, आत पू, सायडल पॉझिटिव्ह. पिशवीतल्या नऊ वर्षांपूर्वीच्या डिस्चार्ज कार्डावर एकच ओळ होती : 'डावा डोळा, काचबिंदूची शस्त्रक्रिया केली.' मायटोमायसिन वापरले होते का? किती, किती मिनिटे? घरी जाताना दाब किती होता? काही नाही.

दुसऱ्या पत्रात नीडलिंगचा परत आलेला दावा आहे. शेरा असा, की याच डोळ्याची याच निदानाची शस्त्रक्रिया पूर्वी झाली आहे. दावे तपासणाऱ्यांच्या हातात अजून मोतीबिंदूची फूटपट्टी आहे. लेन्स बसली की प्रकरण बंद. ट्रॅबमध्ये टाके लेझरने तोडणे, फाइव्ह-एफयू देणे, नीडलिंग करणे हा उपचाराचाच पुढचा भाग आहे, हे त्यांना किती वेळा सांगायचे? पुन्हा अर्ज केल्यावर त्यांनी मूळ शस्त्रक्रियेचा तपशील मागितला. ही मागणी मात्र रास्त होती, आणि तो तपशील आपल्याच एका सहकाऱ्याने लिहिलेला नव्हता.

टीव्हीटी अभ्यासात पाच वर्षांत मायटोमायसिनसह केलेल्या ट्रॅबचे अपयश ४६.९ टक्के, ट्यूबचे २९.८ टक्के होते. सीआयजीटीएसमध्ये पाच वर्षांतला एंडोफ्थॅल्मायटिसचा धोका १.१ टक्के निघाला. हे आकडे नेमाने तपासणीला बोलावलेल्या रुग्णांचे. आपला रुग्ण शेत विकतो, मुलाकडे राहायला जातो, आणि त्याचा गळका ब्लेब किंवा उघडी पडलेली ट्यूब आपण कधी न पाहिलेल्या डॉक्टरसमोर येते. त्याच डोळ्याचा मोतीबिंदू करणाऱ्यालाही चीर कुठे घ्यायची हे ठरवण्यासाठी तो ब्लेब चालू आहे की नाही हे कळायला हवे.

मार्चमध्ये काचबिंदू सप्ताहाचे फलक आपण हौसेने लावतो. कार्ड लिहायला मात्र वेळ नसतो! ओपीडीत शंभर रुग्ण असतात, ठाऊक आहे. तरीही ही सबब आम्हाला मान्य नाही.

सभासदहो, उद्यापासून एवढे करा. शस्त्रक्रियेचा प्रकार आणि तारीख, मायटोमायसिनची मात्रा व वेळ, ट्यूब असल्यास प्लेट कोणत्या चतुर्थांशात, डिस्चार्जच्या दिवशीचा दाब. खाली ठळक मराठीत : 'या डोळ्यात कायमची वाट केली आहे. डोळा लाल झाला, दुखला, चिकटला किंवा नजर कमी झाली, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवा, मग शस्त्रक्रियेला कितीही वर्षे झालेली असोत.' रबरी शिक्का करून घ्या. जुने रुग्ण तपासणीला येतील तेव्हा त्यांच्या कार्डांवरही तो मारा, आणि घरातल्या कुणाला तरी ती ओळ मोठ्याने वाचायला लावा.