कोयत्यातल्या बाईचं मृत्युपत्र



दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या वाड्या-वस्त्या रिकाम्या व्हायला लागतात. गेवराई, धारूर, पाटोद्याकडची माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, आणि उचल नवऱ्याच्या हातात. अशा बाईला मृत्युपत्राबद्दल विचारलं तर ती हसते. “माझ्याकडं हाय काय?”

असतं. बचत गटातली शिल्लक, चार शेळ्या, गळ्यातलं डोरलं, नावावरचं घरकुल, माहेरच्या जमिनीतला कधीच न मागितलेला हिस्सा. तिनं काही लिहून ठेवलं नाही तर तिच्या वतीनं कायदा ठरवतो.

काय ठरवतो? हिंदू वारसा कायदा, 1956, कलम 15. बाईची मालमत्ता आधी मुलांना आणि नवऱ्याला. हे कुणी नसतील तर नवऱ्याच्या वारसांना. तिच्या आई-वडिलांचा नंबर त्यानंतर! आई-वडिलांकडून वारशानं आलेलं तेवढं, मुलंबाळं नसतील तर, वडिलांच्या वारसांकडे जातं. स्वकमाईला ती सोय नाही. पुरुषाची मालमत्ता मात्र बायकोच्या माहेरी कधीच जात नाही.

2009 साली सर्वोच्च न्यायालयापुढे असंच एक प्रकरण होतं. लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेली, सासरच्यांनी हाकलून दिलेली, माहेरच्या आधारानं शिकून नोकरी केलेली बाई 1996 मध्ये मृत्युपत्राविना वारली. तिची कमाई गेली नवऱ्याच्या नातेवाइकांना. न्यायालय म्हणालं, सहानुभूतीनं कायदा बदलत नाही. आपल्या गटांतल्या परित्यक्तांचं काय? नवऱ्यानं टाकलं, पण कोर्टातून घटस्फोट नाही. कायद्यानं तो नवराच मुलांच्या बरोबरीनं तिचा वारस.

आणि हे टाळायला लागतो एक साधा कागद. स्टँप लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. बाईची सही किंवा अंगठा, आणि तो उमटवताना पाहणाऱ्या दोन साक्षीदारांच्या सह्या. साक्षीदार शक्यतो ज्यांना काही मिळणार नाही असे घ्या. वाचता येत नसेल तर मजकूर साक्षीदारांसमोर मोठ्यानं वाचून दाखवा आणि तसं त्यात लिहा. भांडणाची भीती असेल तर दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं बरं. मन बदललं तर नवं करता येतं. मुस्लिम भगिनींना मात्र इतर वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापर्यंतच मृत्युपत्रानं देता येतं. बँकेत नॉमिनीचं नाव जरूर घाला, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. पैसे ताब्यात घेऊन वारसांना देणारा तो.

देण्याआधी आपलं काय आहे ते नावावर हवं. नवरा वारल्यावर तीन महिन्यांत तलाठ्याकडे (आताचा ग्राम महसूल अधिकारी) वारसनोंदीचा अर्ज द्या आणि फेरफार झाल्यावर सातबारा वाचून घ्या. पुष्कळ ठिकाणी मुलगे मालकाच्या रकान्यात आणि आई, बहिणी ‘इतर हक्कां’त सापडतात. महाराष्ट्रानं 1994 मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळलं. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीनं ती अट गेली. त्या दिवशी वडील हयात नसले तरी हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये स्पष्ट केलं. तरीही माहेरपणाला आलेल्या बहिणीपुढे साडीबरोबर हक्कसोडपत्र ठेवलं जातं. माहेर तुटेल या भीतीनं ती सही करते. तिला नावं ठेवणं आपल्याला शोभत नाही. निदान सही करण्याआधी तो कागद तिला कुणीतरी वाचून दाखवावा.

दसऱ्याआधीची गटाची एक बैठक या कामाला द्या. ‘मरणाचं अभद्र कशाला बोलायचं’ असं कुणी म्हणेलच. बोलू द्या. प्रत्येकीनं एवढंच सांगायचं: माझं काय आहे, आणि ते कुणाला. लिहिणारी एक असली की पुरे. लिहिलेला कागद ट्रंकेत घालून फडावर नेऊ नका. गावातच ठेवा आणि कुठे ठेवला ते भरवशाच्या दोघींना सांगून जा.