पाटी तुमची, चावी कुणाची?

तुळशीचं लग्न लागलं की बीड बायपासवरच्या लॉन्सबाहेर गाड्यांच्या रांगा लागतात, आणि तुमच्यापैकी चार-दोन जण तरी त्या लॉन्सच्या आत गळ्यात कॅमेरा अडकवून उभे असतात. कुणी स्टुडिओवाल्या काकांबरोबर सेकंड शूटर म्हणून गेलेला, कुणी मैत्रिणीच्या ताईच्या हळदीचे फोटो ‘पैशांचं बघू नंतर’ या बोलीवर काढणारी, कुणी ईएमआयवर बॉडी आणि लेन्स घेऊन स्वतःचं पेज सुरू केलेलं. म्हणून आजचा विषय थेट तुमच्या कामाचा: फोटोग्राफीच्या छोट्या धंद्याची पहिली वेबसाइट.

लगेच म्हणाल, वेबसाइट कशाला? इन्स्टा आहे ना!

प्रश्न रास्त आहे. इन्स्टावर गिऱ्हाईक येतं, एखादी रील चालली तर फॉलोअर वाढतात, खर्च काही नाही. ते बंद करा असं कुणी म्हणत नाहीये. पण ज्या दुकानाचं शटर दुसऱ्याच्या हातात आहे, त्यावर आपली सगळी पुंजी लावायची का, हा विचार करा. 29 जून 2020 ला सरकारने टिकटॉकवर बंदी घातली, आणि गावोगावच्या पोरांनी मेहनतीने जमवलेले फॉलोअर बघता बघता गेले. बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा वाद. ज्याचं गिऱ्हाईक तिथूनच येत होतं त्याचं काय झालं, एवढंच बघा. 4 ऑक्टोबर 2021 ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप तिन्ही एकदम सहा-एक तास बंद पडले. आपल्याकडे तेव्हा रात्र होती म्हणून निभावलं.

सगळ्यात बोलकं उदाहरण मात्र गुगलचं आहे. गुगलवर दुकानाची नोंद केली की त्याच माहितीतून एक फुकट, एकपानी वेबसाइट बनवून मिळायची. कोडिंग नको, पैसे नकोत. कितीतरी छोट्या दुकानदारांची ती पहिली वेबसाइट होती. मार्च 2024 मध्ये गुगलने या सगळ्या साइट्स बंद केल्या. जून 2024 पर्यंत जुना पत्ता टाकला की गुगलवरची दुकानाची नोंद तरी उघडायची, त्यानंतर तेही थांबलं. ज्यांनी तो पत्ता व्हिजिटिंग कार्डावर आणि अल्बमच्या मागच्या पानावर छापला होता, त्यांची कार्डं अजून लोकांच्या कपाटात असतील. पत्ता मात्र कुठेच जात नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. वेबसाइट दिसायला कशी आहे हा नंतरचा प्रश्न. ती कुणाच्या नावावर आहे आणि तिच्यावरचे फोटो कुणाचे आहेत, हे दोन प्रश्न आधी.

पहिला प्रश्न घेऊ. वेबसाइटचे दोन भाग असतात, पत्ता आणि जागा. पत्ता म्हणजे डोमेन, जागा म्हणजे होस्टिंग. जागा कधीही बदलता येते. आज या कंपनीकडे, उद्या दुसरीकडे, लोकांना कळतही नाही. पत्ता टिकवायचा असतो. आता खरं सांगायचं तर डोमेनही कायमचं विकत मिळत नाही, वर्षांच्या हिशोबाने नोंदवावं लागतं. पण वेळेवर पैसे भरत राहिलात तर तो पत्ता तुमच्याकडेच राहतो. पहिल्या वर्षीच्या ऑफरला मात्र भुलू नका. ‘अवघ्या 99 रुपयांत’ अशी जाहिरात दिसली की दुसऱ्या वर्षी किती लागणार ते आधी वाचा, खरा भाव तोच.

गोची कुठे होते? काका म्हणतात, “अरे, तू कॉम्प्युटरवाला ना, आपल्या स्टुडिओची तेवढी साइट करून दे.” भाचा एका रविवारी बसतो, स्वतःच्या जीमेलवर खातं उघडतो, स्वतःच्या फोनवरून पैसे भरतो, साइट चालू. सगळे खूश. दोन वर्षांनी भाचा पुण्याला नोकरीला लागतो. नूतनीकरणाचे मेल तो बघतच नसलेल्या जुन्या इनबॉक्समध्ये येऊन पडतात. एक दिवस साइट बंद होते. मुदत संपून ठरावीक काळ गेला की तो पत्ता पुन्हा बाजारात येतो आणि जो आधी पैसे भरेल त्याला मिळतो. तिथे काय उघडेल यावर काकांचा काही ताबा नाही, आणि फ्लेक्सवर, पावतीवर, गाडीच्या काचेवर तर तोच पत्ता छापलेला. या गोष्टीत कुणाचीच नियत वाईट नाही. खातं चुकीच्या नावावर होतं, बस्स.

तेव्हा डोमेन नोंदवताना ईमेल आणि मोबाइल धंदा करणाऱ्याचाच द्या. काकांना ईमेल नसेल तर आधी तो काढा, पासवर्ड त्यांच्या वहीत लिहून द्या, मगच पुढे जा. तुम्ही कुणाला साइट बनवून देत असाल तर हे तुमचंही कर्तव्य आहे. आणि एजन्सीकडून बनवून घेत असाल तर पैसे देण्याआधी एकच विचारा: डोमेन कुणाच्या नावाने नोंदवणार? उत्तर गोलगोल आलं तर उठा.

आता नावाचा घोळ, आणि हा खास आपल्या शहराचा आहे. साई, गणेश, रॉयल या नावांचे स्टुडिओ तालुक्या-तालुक्याला आहेत, त्यामुळे नुसतं नाव मिळणं कठीण. मग सगळे शहराचं नाव मागे जोडतात. कुठलं जोडणार? 2023 मध्ये शहराचं आणि जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झालं. पण इंग्रजीत ते पूर्ण लिहिलं की 24 अक्षरं होतात, शिवाय ‘छत्रपती’मध्ये एच एक की दोन, हे फोनवर सांगता सांगता गिऱ्हाईक कंटाळतं. जुनं नाव जोडलं तर उद्या पाटी बदलायची वेळ येते. त्यापेक्षा डोमेनमध्ये शहर नकोच. स्वतःचं नाव आणि फोटो किंवा फिल्म्स असा एखादा छोटा शब्द, एवढं पुरे. कसोटी अशी: मंडपात बॅन्ड वाजत असताना समोरच्याला ओरडून सांगितलं तर त्याला नीट टाइप करता आलं पाहिजे. 2014 पासून देवनागरीतलं ‘डॉट भारत’ डोमेनही मिळतं. हौस म्हणून जरूर घ्या, पण मुख्य पत्ता इंग्रजी अक्षरांतलाच ठेवा, कारण घाईत लोक अजून तसंच टाइप करतात.

पानावरच्या मजकुरात मात्र दोन्ही नावं हवीत. पुण्या-मुंबईत स्थायिक झालेलं किंवा परदेशातून लग्नासाठी येणारं कुटुंब सर्चमध्ये कोणतं नाव टाकेल याचा नेम नाही. ‘छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद)’ असं एकदा स्पष्ट लिहिलं की काम भागतं. इथे राजकारण आणू नका, गिऱ्हाईक कुठल्या शब्दाने शोधतं एवढाच मुद्दा आहे. जालना, पैठण, वैजापूर, कन्नडपर्यंत कामाला जात असाल तर तेही लिहा. ‘सर्व प्रकारच्या ऑर्डर स्वीकारल्या जातील’ या वाक्यातून कुणालाच काही कळत नाही.

दुसरा प्रश्न फोटोंचा, आणि हा जास्त गंभीर आहे. बटण मी दाबलं म्हणजे फोटो माझा, असं आपण सगळे धरून चालतो. कायदा वेगळं सांगतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार, कुणाच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन काढलेल्या फोटोचा पहिला मालक तो फोटो काढायला सांगणारा असतो, तसा वेगळा करार केला नसेल तर! म्हणजे तुम्ही ज्यांचं लग्न पैसे घेऊन शूट केलंत, त्या अल्बमचा कॉपीराइट काही लिहून घेतलं नसेल तर त्यांच्याकडे जातो. तोच अल्बम तुमच्या साइटवर ‘आमचं काम’ म्हणून झळकतो, तेव्हा तुम्ही दुसऱ्याच्या मालमत्तेवर आपली पाटी लावलेली असते.

कायदा बाजूला ठेवला तरी त्या फोटोत माणसं आहेत. बीबी का मकबऱ्यासमोर, दौलताबादच्या वाटेवर प्री-वेडिंग शूट होतं, दोन महिन्यांनी लग्न मोडतं. अशा घरात त्यावर कुणी बोलत नाही, आणि तुमच्या साइटच्या पहिल्याच पानावर ते दोघं हातात हात घालून हसत असतात. त्या मुलीच्या नव्या स्थळाने तुमची साइट उघडली तर? हळदीत भिजलेली करवली, नाचणारी मावशी, पाळण्यातलं बाळ, यातल्या कुणीही तुमच्या जाहिरातीत काम करायला होकार दिलेला नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल धरलंय आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती मागितलीये. बारशाचे आणि पहिल्या वाढदिवसाचे फोटो करणाऱ्यांनी हे तर पक्कं डोक्यात ठेवावं.

यावर उपाय फार मोठा नाही. ॲडव्हान्स घेताना पावती देताच ना? तिच्यावर दोन ओळी वाढवा. निवडक फोटो वेबसाइटवर आणि सोशल मीडियावर वापरायला आमची संमती आहे किंवा नाही, असे दोन चौकोन. खाली, आम्ही सांगू तेव्हा काढून टाकावेत. सही फक्त पैसे देणाऱ्या वडिलांची नको, नवरा-नवरी दोघांचीही घ्या, कारण चेहरे त्यांचे आहेत. ‘नाही’वर टिक आली तर चेहरा बरोबर करू नका आणि रेटही वाढवू नका. अर्धे लोक नाही म्हणतील अशी भीती वाटत असेल, तर आजवर न विचारता जे चाललंय ते काय होतं, हा प्रश्न स्वतःलाच विचारायला हवा.

सेकंड शूटर मित्रांनो, तुमची अडचण आणखी वेगळी. काम मोठ्या स्टुडिओचं, दिवसाचे पैसे तुम्हाला मिळाले, आणि फाइल्स तुमच्याही कार्डात राहिल्या. त्या गुपचूप स्वतःच्या साइटवर टाकल्यात तर पुढच्या सीझनला ते बोलावणं येणार नाही हे नक्की. आधीच ठरवून घ्या, व्हॉट्सॲपवर का होईना, पण लेखी. ‘अमुक स्टुडिओसाठी काढलेला फोटो’ असं खाली लिहायची तयारी दाखवलीत तर नकार द्यायला कारण उरत नाही. ज्यांच्याकडे दाखवायला स्वतःचं कामच नाही, त्यांनी चुलतभावाच्या साखरपुड्यात, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये विचारून फोटो काढावेत. नेटवरून उचललेल्या उदयपूरच्या राजवाड्यातल्या जोडप्यापेक्षा ते शंभर पटीने बरे. आणि संरक्षित स्मारकांत धंद्यासाठी शूटिंग करायचं तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. विनापरवानगी काढलेला फोटो साइटवर लावणं म्हणजे आपल्याविरुद्धचा पुरावा आपणच छापणं.

किती फोटो टाकायचे? वीस. फार तर पंचवीस. कॅमेऱ्यातून निघालेली जेपीईजी फाइल सहज 10 एमबीची असते. तशा वीस टाकल्या की पान उघडायला 200 एमबी डेटा जातो. कन्नडच्या पुढे एखाद्या गावात नेट रडतखडत चालणाऱ्या फोनवर नवरीची आई ते उघडणार आहे. ती थांबणार नाही. लांब बाजू 2000 पिक्सेल आणि वजन 300-400 केबीपर्यंत आणलं तर फोनवर फरकही कळत नाही.

हो, आणि साइट म्हणजे बॅकअप नव्हे. बारीक केलेल्या फोटोंतून अल्बम छापता येत नाही, म्हणून मूळ फाइल्स दोन वेगळ्या ठिकाणी हव्यात. आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट आहे. मेजर रॉबर्ट गिल 1844 पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करत होता, वर्षानुवर्षं. त्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या होत्या, आणि 1866 च्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या जॉन ग्रिफिथ्सने विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा तेच काम केलं. त्यातल्याही अनेक नकला 1885 मध्ये लंडनमध्येच जळाल्या. गिलने लेण्यांचे फोटोही काढले होते, ते 1864 मध्ये पुस्तकांत छापले गेले होते, म्हणून आजही बघायला मिळतात. तुमच्या स्टुडिओत तर एकच हार्ड डिस्क, तीही यूपीएसच्या शेजारी.

रेट टाकायचे की नाही यावर जुने स्टुडिओवाले नाही म्हणतात, समोरचा बघून कमी करेल म्हणून. मला पटत नाही. समोरच्याला तुमचा रेट आजही माहीत आहे, अंधारात फक्त गिऱ्हाईक असतं. ‘इतक्यापासून सुरू’ असं लिहा, त्यात काय येतं ते लिहा, अल्बम किती दिवसांत मिळेल ते तर ठळक लिहा, कारण या धंद्यातली निम्मी भांडणं त्यावरूनच होतात. चौकशीचा फॉर्म ठेवलात तर लोकांची नावं, नंबर आणि लग्नाच्या तारखा तुमच्याकडे जमतील. ती शीट लिंक असलेल्या कुणालाही उघडेल अशी ठेवू नका. फॉर्म नकोच असेल तर व्हॉट्सॲपचं एक बटण पुरतं.

हे सगळं एका पानात बसतं. वर्डप्रेसवर करा नाहीतर गुगल साइट्सवर, दोन रविवार लागतील. त्यातला एक फोटो निवडण्यात आणि जुन्या गिऱ्हाइकांना फोन करून परवानगी विचारण्यात जाईल. साइट सुरू झाली की काकांच्या स्टुडिओतल्या भिंतीवरच्या कालनिर्णयात डोमेन संपायच्या तारखेच्या महिनाभर आधी लाल पेनाने गोल करा, आणि दिवाळीनंतर कॅलेंडर बदलाल तेव्हा तो गोल नव्या कॅलेंडरवर उतरवून घ्या.