सालसाची संध्याकाळ आणि खिशातील साखर

परदेशी मुलांकडे निघालेली ज्येष्ठ मंडळी दवाखान्यात येतात, ती औषधांची यादी, प्रमाणपत्र आणि विमानात पायांवर येणाऱ्या सुजेची चिंता घेऊन. तिथे एखाद्या रात्री मुलांबरोबर गजबजलेल्या उपाहारगृहात जावे लागेल, हा विषय सहसा निघत नाही. प्रत्यक्ष वेळ आली की ‘तुम्हांला तो गोंगाट सोसायचा नाही’ असे म्हणून आईवडिलांना घरी ठेवले जाते, किंवा कसलीही तयारी न करता सोबत नेले जाते. या दोहोंपेक्षा चांगला मार्ग आहे.

अमेरिकेतील मायामी शहराचा ‘लिट्ल हवाना’ हा भाग क्यूबातून आलेल्या लोकांनी नावारूपाला आणला. त्याच्या मुख्य रस्त्यावर १९३५ साली सुरू झालेले आणि मधली बरीच वर्षे बंद राहून २०१४ मध्ये पुन्हा उघडलेले ‘बॉल अँड चेन’ आहे. तिथे वादकांचा ताफा प्रत्यक्ष वाजवत असतो, लोक जेवता जेवता उठून सालसा नाचतात आणि नाचणाऱ्याचे वय कोणी विचारत नाही. जवळच्याच उद्यानात क्यूबन आजोबा दिवसभर डॉमिनोचे डाव मांडून बसलेले असतात.

या दोन्ही गोष्टींना वैद्यकीय महत्त्व आहे. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील पंचाहत्तरीपुढील ४६९ व्यक्तींचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. वाचन, बैठे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य यांत रमणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. केवळ नृत्यामुळेच हे घडले, असे त्यावरून सिद्ध होत नाही. पण त्या अभ्यासातील शारीरिक उपक्रमांत असा संबंध दिसला तो एकट्या नृत्याशी. सालसात आठ मात्रांपैकी चौथ्या आणि आठव्या मात्रेला पाऊल थांबते. पावले लहान असतात, शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर जातो आणि लक्ष तालाकडे ठेवावे लागते. भोंडल्याचा फेर धरलेल्या, टिपऱ्या खेळलेल्या आपल्या पिढीला हे परके वाटू नये. गुडघे साथ देत नसतील, तर खुर्चीत बसून हातांनी ताल धरावा. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल किंवा उभे राहताच चक्कर येत असेल, तर मात्र आपल्या डॉक्टरांना विचारल्याविना नाचू नये.

खरा धोका पेल्यात आहे. मोहितो हे पेय रम, लिंबू, पुदिना, साखर आणि सोडा यांचे असते. चवीला ते सरबतासारखे लागते, त्यामुळे नकळत भरभर प्यायले जाते. मद्य न घेणाऱ्यांनी या वयात सुरुवात करण्याचे काहीही कारण नाही. झोपेची गोळी घेणाऱ्यांनी तर ते टाळावेच. मधुमेहींनी पुढील परिच्छेद घरातील सर्वांना वाचून दाखवावा.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या व्यक्तीने मद्य घेतले, तर यकृत रक्तात साखर सोडण्यात कमी पडते. त्यात नाचण्याचे श्रम आणि लांबलेले जेवण यांची भर पडली की रक्तातील साखर घसरते. कधी ती काही तासांनी, पहाटेही घसरते. मग घाम येतो, हात थरथरतात, जीभ अडखळते, बोलणे असंबद्ध होते. अशा ठिकाणी पाहणारे म्हणतात, ‘आजोबांना जरा जास्त झालेली दिसते,’ आणि नेमका मोलाचा वेळ निघून जातो. म्हणून मद्याच्या शंकेत न अडकता आधी साखर तपासावी. साधन जवळ नसेल, तर व्यक्ती शुद्धीवर आणि गिळू शकत असल्यास तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे आणि बरे वाटताच खाऊ घालावे. ‘डाएट’ पेयाचा येथे उपयोग नाही. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही न घालता कुशीवर वळवावे आणि अमेरिकेत ९११ हा क्रमांक फिरवावा.

जेवणाआधीची गोळी घड्याळाशी नव्हे, ताटाशी बांधलेली असते. जेवण रात्री दहाला येणार असेल, तर ती सवयीने आठला घेऊ नये. हा बदल कसा करायचा, हे भारतातून निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

उरला गोंगाट. शंभर डेसिबलचा आवाज पंधरा मिनिटांहून अधिक काळ कानांना सुरक्षित नाही, असे मानतात. शिवाय वयामुळे उतरलेल्या श्रवणशक्तीला कोलाहलातून शब्द निवडता येत नाहीत. म्हणून आई गप्प बसते आणि मुलांना वाटते ती कंटाळली. वादक येण्यापूर्वी लवकर जावे, ध्वनिवर्धकापासून दूर, भिंतीला पाठ करून बसावे, समोरासमोर बोलावे. प्रकाश मंद असल्याने स्वच्छतागृहाकडे जाताना कोणी तरी सोबत असावे. शाकाहारींनी काळ्या घेवड्यात मांस आहे का, हे आवर्जून विचारावे. तळलेले केळे मात्र कोकणातील काप खाल्लेल्यांना ओळखीचे वाटेल.

काळजीवाहकांना एवढेच सांगणे आहे: अशा रात्री घरातील ज्येष्ठांनाही बरोबर न्या. निघताना त्यांच्या खिशात साखरेची पुडी आणि औषधांची चिठ्ठी ठेवा, आणि ती तिथे आहे हे आपणा प्रत्येकाला ठाऊक असू द्या.