पहिली कादंबरी, ॲपवरची स्पर्धा

ऑनलाइन कादंबरी स्पर्धांच्या जाहिराती झळकल्या, की आमच्याकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या हस्ताक्षरांत येऊन पडतो: ‘पहिलीच कादंबरी आहे, स्पर्धेला पाठवू का?’ या खेपेला तो शिराळ्याहून आला. पत्र लिहिणाऱ्या बाई प्राथमिक शिक्षिका आहेत. त्यांच्या माहेरचं गाव चांदोली धरणासाठी उठलं, त्या गावावर त्यांची कादंबरी आहे. शाळा आणि स्वयंपाक उरकून उरलेल्या वेळात मोबाईलवर लिहिलेली, निम्मी झालेली. उरलेली निम्मी स्पर्धेच्या काळात रोज एक भाग लिहून ॲपवर टाकावी, असा त्यांचा बेत आहे. आमचं उत्तर थोडक्यात असं: स्पर्धेत जरूर उतरा, पण कादंबरी संपवून उतरा.

हप्त्यांनी कादंबरी देण्याला नाकं मुरडणाऱ्यांपैकी आम्ही नाही. मुरडायचीच तर हरिभाऊ आपट्यांपासून सुरुवात करावी लागेल. त्यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ १८८५ साली ‘पुणे वैभव’मधून क्रमशः आली. १८९० साली त्यांनी स्वतःचं ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यातूनच हप्त्याहप्त्यानं वाचकांपुढे गेली. पण त्या हप्त्यांमध्ये आठवडा जायचा. शिवाय पहिल्या कादंबरीच्या वेळी लेखक आणि वाचक यांच्यामध्ये एक संपादक बसलेला होता. ॲपवर या दोन्ही गोष्टी नाहीत. बंगळुरूहून २०१४ साली सुरू झालेल्या ‘प्रतिलिपी’नं मराठीत हजारो नवे हात लिहिते केले, हे मोकळेपणानं मान्य करायला हवं. पण तिथं भाग टाकला, की चहा निवायच्या आत प्रतिक्रिया येते: ‘मस्त! पुढचा भाग कधी?’ ती वाचून कोण सुखावणार नाही? आणि सुखावलेला लेखक दुसऱ्या दिवशी तीच प्रतिक्रिया मिळेल असा भाग लिहितो. आठवड्याभरात प्रत्येक भागाच्या शेवटी दारावर थाप पडू लागते, फोन वाजू लागतो, नाहीतर नायिकेला भोवळ येते.

धरणात गेलेल्या गावाच्या गोष्टीला हे मानवत नाही, कारण तिथला खरा ऐवज वाट पाहण्याचा आहे. नोटीस येते, मोजणी होते, मोबदल्याचा कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातो. जमीन दाखवतात ती मुरमाड निघते. मग पुन्हा अर्ज. शिराळ्याशेजारच्या वाळवा तालुक्यातल्या नेर्ल्याचे विश्वास पाटील यांनी धरणग्रस्तांवरची ‘झाडाझडती’ १९९१ साली दिली, तिला पुढच्या वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तिच्यातल्या कचेऱ्यांच्या खेपा रोजच्या भागांत तोडून प्रत्येकाच्या शेवटी थाप मारायची म्हटलं असतं, तर काय शिल्लक राहिलं असतं? व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ही याच सांगली जिल्ह्याच्या माणदेशातली. तिथं पानंच्या पानं नुसता पाऊस पडत नाही. पाऊस न पडण्याचीच ती गोष्ट आहे.

मग स्पर्धेचा उपयोग काय? उपयोग तारखेचा आहे, आणि तो लहान नाही. १९९९ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात ख्रिस बॅटी आणि मंडळी, सगळे मिळून २१ जण, महिन्याभरात प्रत्येकी एक कादंबरी लिहायला बसले. त्यातून ‘नॅनोरायमो’ हा महिन्यात ५०,००० शब्दांचा जागतिक उपक्रम उभा राहिला. ती संस्था २०२५ साली बंद झाली, पण तिनं जगभरातल्या कितीतरी ‘डोक्यात असलेल्या’ कादंबऱ्या कागदावर आणल्या. मात्र महिन्याअखेर हाती येतो तो कच्चा खर्डा. तारखेचा धाक तिथपर्यंत पोचवतो. पुढचं काम धाकानं होत नाही, आणि आपल्याकडच्या ॲपस्पर्धांत नेमका तो खर्डाच जगासमोर मांडला जातो.

आता भाषेबद्दल. शिराळ्याच्या बाईंनी पहिलं प्रकरण सोबत जोडलं आहे. त्यात आजी एका परिच्छेदात ‘कुटं गेल्तीस गं?’ म्हणते आणि पुढच्याच परिच्छेदात ‘कुठे गेली होतीस?’ असं विचारते. ही चूक बाईंची नाही, मोबाईलची आहे. कीबोर्ड शब्द सुचवतो, अंगठा सवयीनं वरच्या पट्टीवर पडतो. बोलून टाईप करणाऱ्यांचे हाल त्याहून वाईट: ‘न्हाई’चं ‘नाही’ आणि ‘हाय’चं ‘आहे’ कधी झालं ते कळतही नाही. वारणाकाठच्या म्हातारीला मशीन परस्पर सदाशिव पेठेत नेऊन सोडतं. शब्द दुरुस्त करण्याची आणि सुचवण्याची सोय लिहिताना बंद ठेवा, बोलीतले शब्द मोबाईलच्या शब्दकोशात स्वतः भरा आणि पाठवण्यापूर्वी सगळे संवाद एकदा मोठ्यानं वाचा. अण्णाभाऊ साठ्यांचं वाटेगावही शेजारीच आहे. १९५९ साली आलेल्या ‘फकिरा’ला या मुलखाच्या बोलीनं जे बळ दिलं, ते एका अंगठ्यासरशी घालवायचं काय?

ज्यांनी पूर्वी डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टात मजकूर करून घेतला आहे, त्यांनी तो ॲपवर तसाच चिकटवला तर निव्वळ चिन्हांचा चिवडा दिसेल. युनिकोडमध्ये बदलून घ्या, आणि बदलल्यावर ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘कॅ’, ‘ॲ’ अशा जागा डोळ्यांत तेल घालून तपासा. रफारही हमखास घसरतो.

सगळ्यात दुर्लक्षित राहतात त्या अटी. बक्षिसाची रक्कम पाठ असते, हक्कांचं कलम वाचलेलं नसतं. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. म्हणून अटींत हक्क किती काळासाठी मागितले आहेत, केवळ ॲपपुरते की पुस्तक, श्राव्य पुस्तक आणि चित्रपट धरून, हे आधी बघा. हरलेल्या कादंबरीचे हक्कही आयोजकाकडेच राहणार असतील, तर त्या वाटेला जाऊ नका. आणि ‘पूर्वी कुठेही प्रकाशित न झालेली’ अशी अट अनेक ठिकाणी असते. एकदा ॲपवर टाकलेली कादंबरी तिथं बाद होऊ शकते.

पहिल्या कादंबरीला ‘पहिली’ म्हणून ज्या सवलती आहेत, त्या एकदाच मिळतात. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचं नवलेखक अनुदान आहे. राज्य वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनाच्या कादंबरीसाठी श्री. ना. पेंडसे यांच्या नावाचा पुरस्कार आहे. जत तालुक्यातल्या निगडीच्या नवनाथ गोरे यांना ‘फेसाटी’ या पहिल्याच कादंबरीसाठी २०१८ साली साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. ती छापील पुस्तक होती, हेही विसरू नये.

मतांवर निकाल ठरणाऱ्या स्पर्धांविषयी एकच वाक्य: ज्याची भावकी मोठी तो तिथं निवडून येतो, आणि ग्रामपंचायतीला ते शोभतंही. परीक्षकांची नावं जाहीर करणारी स्पर्धा असेल तर ती आधी धरावी.

तेव्हा कादंबरी आधी संपवा, महिनाभर तिच्याकडे पाहू नका, मग दुरुस्त करा आणि रोजचा भाग टाकायचाच असेल तर त्या पक्क्या प्रतीतून टाका. प्रतिक्रिया वाचा, पण पुढचं प्रकरण त्यांच्या मर्जीनं बदलू नका. ज्या वाचकांनी अशा स्पर्धांत भाग घेतला आहे, त्यांनी त्या स्पर्धेच्या अटींची प्रत आमच्याकडे पाठवावी. हक्कांची कलमं वकिलांकडून तपासून आम्ही ती पुढच्या अंकांतून छापू. पाठवणाऱ्याचं नाव दिलं जाणार नाही.