राघूचें बोलणें

अध्यापनाच्या सदतीस वर्षांत ज्या एका शब्दानें आम्हीं विद्यार्थ्यांस सर्वांत अधिक टोंचलें, तो शब्द 'पोपटपंची' हा होय. अर्थ न समजतां जो पाठ म्हणतो तो पोपट, ही आमची ठरलेली व्याख्या. बाणभट्टाच्या 'कादंबरी'ंत वैशंपायन नांवाचा शुक कथा सांगतो, त्याचा परिचय करून देतांना देखील, 'हें कवीचें कौशल्य. खरा पोपट निव्वळ घोकतो,' अशी पुस्ती जोडावयास आम्ही चुकत नसूं. निवृत्तीनंतर घरांत आलेल्या एका लहानशा राघूनें ही व्याख्या आम्हांस मागें घ्यावयास लाविली. ती कशी, तें आज वाचकांस सांगावयाचें आहे.

प्रथम एक खुलासा. आमच्या लहानपणीं पुष्कळ वाड्यांच्या ओसरीवर कंठवाल्या हिरव्या राघूचा पिंजरा टांगलेला असे. आतां तसें करितां येत नाहीं, आणि करूंही नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें आपल्याकडील रानपोपट पकडणें, विकणें अथवा पाळणें हा आज गुन्हा आहे. आमच्या घरचा राघू परदेशी जातीचा, पिंजऱ्यांतच जन्मलेला बजरीगर होय. बाजारांत यास सर्रास 'लव्ह बर्ड' म्हणतात. परंतु खरे लव्ह बर्ड आफ्रिकेंतले, आणि हा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागांतला. जॉन गूल्ड या पक्षिशास्त्रज्ञानें १८४० सालीं हे पक्षी जिवंत स्थितींत इंग्लंडांत नेले, आणि पुढें ते जगभर घरोघरीं पसरले. रानांतला बजरीगर हिरव्या-पिवळ्या रंगाचा, वजनानें ३० ते ४० ग्रॅम, मोठ्या थव्यानें पाऊस आणि गवताचें बीं यांच्या मागें हिंडणारा. आकाशांत ससाणा टपलेलाच असतो. या पक्ष्याच्या वागणुकीचीं सूत्रें हीं दोनच : थवा आणि ससाणा. थव्यावांचून त्याचें भागत नाहीं, आणि ससाण्यापुढें दुबळें दिसणें त्यास परवडत नाहीं. बाकी सर्व भाष्य.

त्यांपैकीं दुसरें सूत्र आम्ही फार मोल देऊन शिकलों. दोन वर्षांपूर्वीं नातीच्या हट्टास्तव चिरंजीवांनीं एक जोडपें आणलें. वयांत आलेल्या पक्ष्याच्या चोंचीवरील मांसल पट्टी निळी असेल तर नर, तपकिरी असेल तर मादी, ही खूण विक्रेत्यानें सांगितली. नातीनें राघू आणि मैना अशीं नांवें ठेविलीं. मैना हा पोपट नव्हे, ही आमची हरकत कोणींच मनावर घेतली नाहीं. वर्षभर दोघांनीं माजघर दणाणून सोडलें. मग मार्गशीर्षांत मैना एकाएकीं शांत झाली. पिसें फुलवून दिवसभर एका जागीं बसे. ओरडत नसे, चावत नसे, हातावर घेतली तरी उडत नसे. 'आतां माणसाळली हो!' असे घरांतून कौतुकाचे उद्गार निघाले, आणि आम्हींही मान डोलविली. नात मात्र म्हणाली, 'आजोबा, ती राघूशीं बोलतच नाहीं.' पोरीचें म्हणणें, म्हणून आम्हीं तें सोडून दिलें. चौथ्या दिवशीं सकाळीं मैना पिंजऱ्याच्या तळाशीं निपचित पडलेली आढळली.

पशुवैद्यांनीं मागाहून समजाविलें तें असें. थव्यांत जो दुबळा दिसेल तो शिकाऱ्याच्या नजरेंत भरतो. म्हणून हा पक्षी शक्य तोंवर दुखणें लपवितो. तो आजारी दिसूं लागला, तेव्हां आजार बहुधा जुना झालेला असतो. आम्हीं जें माणसाळणें समजलों, तें उडण्याची शक्ति संपल्याचें लक्षण होतें. सात वर्षांच्या मुलीस जें दिसलें तें आम्हांस दिसलें नाहीं, कारण शांत राहणें हा आम्ही सद्गुण मानीत आलों. वर्गांतही आमची समजूत हीच होती. शेवटच्या बाकावर गप्प बसणारीं कांहीं मुलें आतां आम्हांस अधूनमधून आठवतात.

तेव्हांपासून राघूकडे पाहण्याचा आम्हीं नेम केला. तिन्हीसांजेस तो उंच काठीवर एक पाय पोटाशीं घेऊन बसतो, पिसें सैल सोडतो, आणि चोंच चोंचीवर घासून बारीक करकर आवाज काढतो. प्रथम आम्हांस ती व्याधि वाटली. वस्तुतः ती झोंपेपूर्वींची स्वस्थता आहे. मग मान मागें वळवून तो पाठीच्या पिसांत चोंच खुपसतो. सकाळीं एका अंगाचा पाय आणि पंख एकदम ताणून आळस देतो, आणि शेपटीच्या मुळाशीं असलेल्या ग्रंथीचें तेल चोंचीनें पिसांस लावतो. हीं सर्व निरोगी पक्ष्याचीं लक्षणें. परंतु तींच पिसें भरदिवसां तासन् तास फुललेलीं असतील, डोळे अर्धवट मिटलेले असतील, प्रत्येक श्वासासरशीं शेपटी खालींवर होत असेल, अथवा पक्षी काठी सोडून तळाशीं बसत असेल, तर उद्यांची वाट न पाहतां त्याच दिवशीं पशुवैद्य गांठावा.

दुसरी फसगत दाण्याची. मान खालींवर करून गिळलेला दाणा परत चोंचींत आणणें आणि तो जोडीदारास भरविणें ही या पक्ष्याची प्रीति दाखविण्याची रीत आहे. मैना गेल्यावर राघूस सोबत म्हणून आम्हीं आरसा टांगला, तर तो प्रतिबिंबासच दिवसभर भरवूं लागला. पशुवैद्यांनीं आरसा काढावयास सांगितला. याउलट, डोकें झटकून दाणे चोहोंकडे उडत असतील आणि कपाळाचीं पिसें चिकट झालीं असतील, तर ती वांति समजावी.

स्वयंपाकघराविषयींची सूचना गृहिणींनीं विशेष लक्षांत ठेवावी. न चिकटणाऱ्या लेपाचा तवा रिकामा राहून फार तापला, तर त्यांतून निघणारी वाफ माणसास जाणवण्यापूर्वींच पक्ष्यास मारूं शकते. पक्ष्यांच्या शरीरांत फुप्फुसांस जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात, आणि त्यांचा श्वासोच्छ्वास आपल्याहून पुष्कळ कार्यक्षम असल्यामुळें विषही तितक्याच त्वरेनें भिनतें. आमचा पिंजरा आतां स्वयंपाकघरापासून दूर, वडिलांच्या खोलींत असतो.

आतां पहिलें सूत्र, थव्याचें. थव्यांतील पक्षी एकमेकांस सतत साद घालीत असतात : 'मी येथें आहें, तूं कोठें आहेस?' एकत्र राहणाऱ्या पक्ष्यांच्या सादा हळूहळू एकसारख्या होतात. इतकेंच नव्हे, तर नर आपल्या जोडीदारणीची साद शिकून घेतो, असें संशोधकांनीं दाखविलें आहे. माणसांत वाढलेल्या बजरीगरास थवा आपलाच. तेव्हां तो आपले शब्द उचलतो. अमेरिकेंतील पक नांवाच्या बजरीगराचे १,७२८ शब्द मोजले गेले होते, आणि १९९५ च्या गिनेस पुस्तकांत त्याची नोंद झाली.

मैना गेल्यावर कित्येक दिवस राघू एक विशिष्ट शीळ घाली आणि मान वांकडी करून थांबे. ती मैनेची शीळ असल्याचें नातीनें ओळखलें. पुढें ती शीळ विरळ होत गेली. आमची नात शाळेंतून परततांना दारांतूनच 'आजी, आलें गं!' अशी हांक देते, आणि आजी आंतून 'ये बाळा' म्हणते. गेल्या चैत्रांत एके दुपारीं माजघर रिकामें असतां पिंजऱ्यांतून स्पष्ट शब्द आले : 'आजी, आलें गं!' आजी हातांतलें काम टाकून बाहेर आली. दारांत कोणी नव्हतें. आतां खोली रिकामी झाली म्हणजे तो हेंच म्हणतो. भोंवतीं माणसें असलीं तर म्हणत नाहीं.

त्यास क्रियापदाचें लिंग-वचन समजतें असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु हांक कोणत्या वेळीं मारावी आणि ती मारल्यावर उत्तर यावें, इतकें त्यास पक्कें ठाऊक आहे. याला पोपटपंची म्हणावयास आमची जीभ आतां वळत नाहीं. त्यानें हांक मारली म्हणजे घरांतील कोणीतरी 'ये बाळा' म्हणतें.

येत्या महिन्यांत दुसरी मैना आणावयाचें ठरलें आहे. पहिले काहीं आठवडे ती निराळ्या खोलींत राहील, म्हणजे तिला कांहीं आजार असल्यास तो राघूस लागावयाचा नाहीं. ती कशी बसते, काय खाते, कोणाशीं बोलते, हें रोज पाहण्याचें काम नातीकडे सोंपविलें आहे. आणि नात जें सांगेल तें ऐकण्याचें आमच्याकडे.