फुटलेल्या काचेचा हिशेब

सकाळी भट्टीचे झाकण उघडले आणि आतल्या पाचही बश्यांना तडे गेलेले दिसले. ही तिसरी वेळ. "ताई, पुन्हा फुटलं जी," एवढेच एक जण म्हणाली आणि तुकडे पोत्यात भरू लागली.

तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशच्या सीमेलगत असलेल्या बपेरा गावात बचतगटातल्या पाच जणींबरोबर मी काम करते. टाकाऊ बाटल्यांच्या काचेच्या रंगीत बश्या करायच्या, असे आम्ही ठरवले. कर्ज काढून विजेची छोटी भट्टी आणली. एम.एस.डब्ल्यू. करताना मी गटबांधणी शिकले होते, काच नव्हे. पहिल्या वेळी हिरव्या आणि पांढऱ्या बाटल्यांची काच एकत्र घातली. दोन्ही काचा थंड होताना सारख्या आकसत नाहीत, म्हणून जोडावर तडे गेले. दुसऱ्या वेळी झाकण लवकर उघडले. ८०० अंशांच्या आसपास तापवलेली काच ५०० अंशांजवळ थांबवून पुढे तासन्‌तास निववावी लागते, हे तेव्हा कळले. या दोन चुका आमच्या. तिसऱ्या वेळी सगळे नीट केले, तर मध्यरात्री लाइन गेली. यात बायांची चूक कोणती?

कर्जाचा आढावा घ्यायला आलेले साहेब म्हणाले, "पापड-लोणची करा ना, त्यात फुटण्यासारखं काही नसतं." खरे सांगायचे तर क्षणभर मलाही ते पटले. मैत्रिणींनो, माझ्या त्या पटण्याबद्दलच मला लिहायचे आहे.

काचेत फुटणे कुणाला चुकलेले नाही. १९०८ साली तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला, तो अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून उभारलेल्या निधीवर. तिथे तरुण काचकाम शिकले. शिकण्याचा खर्च समाजाने उचलला. १९६२ साली अमेरिकेत टोलेडोच्या संग्रहालयात हार्वे लिटलटन यांनी कलावंतांसाठी छोट्या भट्टीचा प्रयोग केला, तेव्हा पहिला घाणा फसला. डॉमिनिक लॅबिनो या जाणकार मित्राने काचेच्या गोट्या दिल्या आणि काम पुढे सरकले. त्या फसण्याला आज 'प्रयोग' म्हणतात. आमच्या फसण्याला 'थकबाकी' म्हणतात.

बायांचा आणि काचेचा संबंध नवा नाही. आपल्या बांगड्या बहुतेक फिरोजाबादच्या. तिथे भट्टीवर पुरुष असतात, आणि बांगडीची टोके ज्योतीवर जोडण्याचे काम घरोघरी बायका-मुले नगावर करतात. व्हेनिसच्या बाया काचेचे मणी ओवत. मजुरीसाठी १९०४ साली त्यांनी संप केला. म्हणजे काच बायांच्या हाताला चालते, पण भट्टी त्यांच्या ताब्यात नको! आमच्याच तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गला मँगनीजच्या खाणी आहेत. काचेचा हिरवटपणा घालवायला हे खनिज शतकानुशतके वापरले गेले; जास्त पडले तर काच जांभळी होते. खनिज आमच्या मातीतले, पण त्याचे हे ज्ञान आमच्या बायांपर्यंत कुणी आणले नाही.

चिकाटी हा बायांचा स्वभावच, असे म्हणून आपण कार्यकर्त्याही टाळ्या मिळवतो. पण चिकाटीला पैसा लागतो, वेळ लागतो, घरच्यांचे टोमणे सोसायची ताकद लागते. आमच्या पाचांपैकी दोघी रोवणीच्या मजुरीला परत गेल्या. त्यांची चिकाटी कमी पडली असे मी म्हणणार नाही. घरात तांदूळ नव्हते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. शिकण्याच्या काळातला खर्च कर्जात धरू नये, तो अनुदानातून यावा. पहिल्या वर्षाची फूट-तूट योजनेच्या अंदाजपत्रकातच मांडावी. भट्टीआधी शिकवणारी व्यक्ती द्यावी. आणि आपण संघटनांनी आपल्या अहवालात यशोगाथांशेजारी फसलेले प्रयत्नही लिहावेत, म्हणजे दुसऱ्या गावातल्या बाया त्याच चुकीत पैसे घालवणार नाहीत.

उरलेल्या तिघींनी आता बाटल्या रंगांप्रमाणे नव्हे, कंपनीप्रमाणे वेगळ्या करायला घेतल्या आहेत. एकाच प्रकारच्या बाटलीची एक बशी, असा त्यांचा हिशेब आहे. हा मार्ग मी सुचवला नाही, फुटलेले तुकडे जुळवून पाहताना त्यांनाच सापडला. पोत्यातले तुकडे त्यांनी फेकलेले नाहीत. पुढच्या हप्त्याची तारीख मात्र जवळ आली आहे.