रशियन कठीण आहे का?

गेल्या शनिवारी रात्री साडेअकराला आतेबहिणीचा फोन आला. ती रशियात एमबीबीएस करतेय, व्होल्गाकाठच्या एका शहरात, तिसरं वर्ष. तिकडे तेव्हा नऊ वाजलेले. "जेवलीस का, बरी आहेस ना" वगैरे नेहमीचं झालं आणि मग एकदम म्हणाली, "दादा, खरं सांग. रशियन जगातली सगळ्यात कठीण भाषा आहे ना? मला ती कधी येणारच नाही ना?"

मामला असा होता. वॉर्डात एका म्हाताऱ्या बाईंना हिने विचारलं, गोळी घेतलीत का? त्या म्हणाल्या, हो. हिने तसं लिहून टाकलं. नशीब, नर्सचं लक्ष होतं. बाईंनी त्या सकाळची गोळी घेतलीच नव्हती. पण त्या खोटंही बोलल्या नव्हत्या. रशियनमध्ये गोळी 'पितात'. आपलं पिणं आणि त्यांचं 'पीत्य' एकाच मुळातले. हिने विचारलं 'पीली', म्हणजे "गोळ्या घेताय ना, घेत होतात ना?" विचारायला हवं होतं 'वीपिली', म्हणजे "ही आत्ताची गोळी घेऊन झाली का?" फरक एका उपसर्गाचा. झालं काहीच नाही, पण पोरगी तासभर रडली.

हिला पाठवायचं ठरलं तेव्हा एजंट आत्याच्या घरी येऊन बसला होता, मीही होतो. त्याचं वाक्य मला अजून पाठ आहे. "भाषेचं काही टेन्शन घेऊ नका मॅडम, सगळं इंग्लिश मीडियम. आणि रशियन काय, सहा महिन्यांत मुलं फाडफाड बोलतात." यातला पहिला भाग अर्धा खरा आहे. नॅशनल मेडिकल कमिशनच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे परदेशातून डॉक्टर होऊन यायचं तर शिक्षणाचं माध्यम इंग्रजीच असावं लागतं. पण त्याच नियमांत असंही आहे की १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच परदेशी संस्थेत करायची. आता वर्गातले प्रोफेसर इंग्रजीत शिकवतील हो, पण पेशंट काय इंग्रजीत कण्हणार आहे का?

असो. एजंट म्हणतो सोपी, ही म्हणते जगात सगळ्यात कठीण. माझं मत असं की दोघंही चूक आहेत, आणि दोन्ही चुका महागात पडणाऱ्या आहेत.

मी काही भाषातज्ज्ञ नाही. तीन वर्षांपूर्वी आमच्या प्रॉडक्टच्या रशियन आवृत्तीत एक बग माझ्या गळ्यात पडला, तेव्हापासून मी वीकेंडला रशियनशी झटापट करतोय. बग साधा होता. स्क्रीनवर "५ फाइल्स निवडल्या" असं दाखवायचं. इंग्रजीत काय, एक असेल तर एकवचन, नाहीतर अनेकवचन, एका ओळीची कंडिशन. रशियनमध्ये १ 'फाइल', २, ३, ४ 'फाइला', ५ पासून 'फाइलफ'. २१ ला परत 'फाइल'! २२ ला 'फाइला'. पण ११ ला 'फाइलफ', १२ लाही 'फाइलफ'. म्हणजे आधी शेवटचा अंक बघा, मग शेवटचे दोन बघा. भाषांतराच्या फाइलींमध्ये रशियनसाठी हा मॉड्युलो दहा, मॉड्युलो शंभरचा फॉर्म्युलाच लिहावा लागतो. मी तो दोनदा चुकवला आणि मग चिडून भाषाच शिकायला घेतली. क्लासमधल्या सरांना हे सांगितलं तर ते हसले. म्हणाले, "संस्कृत होतं ना दहावीला? हे द्विवचनाचं भूत आहे." जुन्या रशियनमध्ये आपल्या संस्कृतसारखं द्विवचन होतं. ते गेलं, पण दोनच्या मागे त्याचं शेपूट राहिलं, आणि तेच पुढे तीन-चारलाही चिकटलं.

आता "कठीण" या शब्दाकडे येऊ. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट त्यांच्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवते आणि कुठल्या भाषेला किती वेळ लागतो याचा हिशोब ठेवते. कामापुरती नीट भाषा यायला स्पॅनिशला साधारण ३० आठवडे, रशियनला ४४, आणि जपानी, चिनी, कोरियन, अरबीला ८८. म्हणजे "जगातली सगळ्यात कठीण" हा किताब रशियनला त्यांच्याकडेही मिळत नाही. आणि गंमत बघा, त्या ४४ आठवड्यांच्या गटात रशियनच्या शेजारी कोण बसलंय? आपली हिंदी! जी आपण दूरदर्शन आणि सिनेमे बघत बघत फुकटात शिकलो. म्हणजे ती यादी भाषा किती कठीण आहे ते सांगत नाही, ती भाषा इंग्रजीपासून किती लांब आहे ते सांगते. मोजपट्टीचा शून्य वॉशिंग्टनमध्ये आहे. आपला शून्य पुण्यात, साताऱ्यात, नागपुरात आहे.

तिथून मोजलं तर चित्र बदलतं. लोक सगळ्यात आधी घाबरतात ती लिपीला. ३३ अक्षरं. मला एक वीकेंड पुरला. इंग्रजी 'पी'सारखं दिसतं ते 'र', 'बी'सारखं दिसतं ते 'व', 'एच'सारखं दिसतं ते 'न'. त्यामुळे रेस्टॉरंटची पाटी सुरुवातीला 'पेक्टोपाह' अशी वाचली जाते, एवढंच. जोडाक्षरं आणि रफार गिरवलेल्या माणसाने या लिपीला घाबरावं म्हणजे कमाल आहे.

मग विभक्ती. इंग्रज माणसाला सहा विभक्त्या म्हटलं की घाम फुटतो. आपण शाळेत प्रथमा ते संबोधन घोकलंय. पेन 'रूचका', पेनाने 'रूचकय', झाली तृतीया. लिंगं तीन, आपलीही तीन. आपल्याला तर उलट सोपं, कारण रशियनमध्ये शब्दाच्या शेवटावरून लिंग बहुतेक वेळा कळतं. मराठीत वाट ती आणि घाट तो का, हे एखाद्या परक्याला समजावून बघा. 'अत्येत्स' म्हणजे वडील, पण वडिलांना म्हणायचं तर मधला स्वर गायब, 'अत्सा'. अवघड वाटलं? मग आपण माणूसचं माणसाला, कापूसचं कापसाला काय करतो?

आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे वाक्याची घडण. इंग्रजीत मी पुस्तक 'हॅव' करतो, मी थंडी 'फील' करतो. रशियन माणूस म्हणतो 'ऊ मिन्या क्नीगा', माझ्याकडे पुस्तक. 'म्न्ये खोलदना', मला थंडी. 'म्न्ये न्रावित्सा', मला आवडतं. माझं वय २८ हेसुद्धा "मला २८ वर्षं" असंच. मला, तुला, त्याला काहीतरी होतं, ही आपल्या घरची सवय आहे. पेशंटची निम्मी वाक्यं याच साच्यातली. इंग्रजीतून रशियन शिकवणारी पुस्तकं यावर पानंच्या पानं खर्च करतात, आपल्याला एक ओळ पुरते.

शब्दांचं नातंही आहे. सासरा 'स्व्योकर', सून 'स्नखा', दीर 'द्येव्येर'. थोडक्यात काय, सासर आपलंच आहे! पण यात फार रमू नये. "रशियन म्हणजे संस्कृतच हो" असं फॉरवर्ड फिरत असतं, त्यावर विसंबून भाजी घ्यायला गेलात तर उपाशी राहाल. चुलतभाऊ ओळखीचा असला म्हणून त्याच्या घरातलं सगळं आपल्याला कळत नाही.

मग खरी कठीण जागा कुठली? जिथे तिने मार खाल्ला तीच. क्रियापदांच्या जोड्या. 'चिताल' म्हणजे वाचत होतो, वाचलंय कधीतरी. 'प्रचिताल' म्हणजे वाचून संपवलं. तुम्ही म्हणाल आपल्याकडेही वाचलं आणि वाचून काढलं, खाल्लं आणि खाऊन टाकलं असतंच की. बरोबर, आणि म्हणूनच आपल्याला त्याची चव पटकन कळते. पण आपल्याकडे ते ऐच्छिक आहे. "गोळी घेतली का?" एवढं म्हटलं तरी मराठीत भागतं. रशियनमध्ये सुटका नाही. भूतकाळातलं जवळजवळ प्रत्येक क्रियापद तोंडातून बाहेर पडण्याआधी ठरवावं लागतं, क्रिया चालू होती की पुरी झाली. आपण न विचारलेला प्रश्न ती भाषा दर वाक्याला विचारते.

त्यानंतर 'जाणे'. आपण चालत जातो, बसने जातो, रोज जातो, एकदाच जातो, क्रियापद एकच. त्यांच्याकडे पायी वेगळं, गाडीने वेगळं, एका दिशेने चाललात तर वेगळं, जाऊन येऊन करत असाल तर वेगळं. वर आत जाणे, बाहेर पडणे, ओलांडणे, जाता जाता डोकावणे याला उपसर्ग. तिसरी भानगड आघाताची. 'झामक' म्हणजे गढी, 'झमोक' म्हणजे कुलूप, लिहायला दोन्ही अक्षरन्‌अक्षर सारखे, आणि आघाताची खूण रोजच्या छपाईत नसते. दूध लिहायचं 'मोलोको', म्हणायचं 'मलाको'. अर्थात चहातला च आणि चमच्यातला च आपण तरी कुठे वेगळा लिहितो?

आपल्या भाषेचे खड्डे आपल्याला दिसत नाहीत, हेच खरं. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात "वीस एक, वीस दोन" अशी संख्यावाचनाची पद्धत आणली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. रशियन पोर वीसच्या पुढे सरळ "वीस एक, वीस दोन" असंच मोजतं. आपलं पोर एकोणतीस, त्रेसष्ट, एकोणऐंशी असे शंभर शब्द पाठ करतं, आणि आपण रशियनला कठीण म्हणतो.

तर मी तिला फोनवर काय सांगितलं? म्हटलं, कठीण की सोपी हे सोड, तास मोज. त्या अमेरिकनांचे ४४ आठवडे म्हणजे पूर्णवेळ पगारी शिकणं, हजाराच्या आसपास तास, फक्त वर्गातले. तुझ्या कॉलेजात पहिल्या दोन वर्षांत आठवड्याला चार तास रशियन होतं, वर्षाचे ३५ आठवडे धरले तर झाले २८०. तेही पन्नास जणांच्या वर्गात, ॲनाटॉमीच्या परीक्षेच्या भीतीखाली. आपल्याला मराठीमुळे थोडी सूट मिळते असं धरलं तरी तू अजून निम्म्याच्याही अलीकडे आहेस. तुला भाषा येत नाही असं नाही, तुझे तास भरलेले नाहीत. माझंच बघ ना, वीकेंडला तीन तास. हजार तासांना ३३३ वीकेंड, म्हणजे सहा वर्षांच्या वर. मी तिसऱ्या वर्षात आहे आणि अजून 'जाणे'मध्येच अडकलोय :)

थोडा वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे एजंटने चारपट कमी कोट केलं?" म्हटलं, आमच्याकडे सेल्सवाले करतात तसंच.

माझा राग त्या एजंटवर आहे तेवढाच "रशियन? बाप रे!" म्हणणाऱ्यांवरही आहे. पहिल्याच्या नादाने मुलं तयारी न करता जातात, दुसऱ्यांच्या नादाने तिथे पोचल्यावर प्रयत्न सोडतात आणि पेशंटशी खाणाखुणांनी बोलून वेळ मारून नेतात. दोन्हीकडे भोगतो तो पलंगावरचा माणूस. तेव्हा कुणाच्या घरी मूल रशियात पाठवायचा विचार चालू असेल तर फी आणि हॉस्टेलच्या जोडीला तीन प्रश्न विचारा. रशियनचे आठवड्याला किती तास? वर्गात किती मुलं? आणि वॉर्डात पाठवण्याआधी बोलण्याची परीक्षा घेतात का? उत्तर "टेन्शन घेऊ नका" असं आलं तर टेन्शन घ्या. आणि जायचं नक्की असेल तर बारावीनंतरच्या सुट्टीतच लिपी आणि विभक्त्या उरकून टाका. तो आपल्या घरचा अभ्यास आहे, त्यावर तिकडचे महागडे तास घालवू नका. ते क्रियापदांसाठी ठेवा.

बुधवारी तिचा मेसेज आला. आता ती रोज संध्याकाळी अर्धा तास त्याच बाईंच्या पलंगाशी जाऊन बसते. बाई बोलतात, ही ऐकते, चुकलं की त्या हात धरून दुरुस्त करतात. त्यांना म्हणे सुनेबद्दल बरंच काही सांगायचं असतं.

'स्नखा' हा शब्द तिला त्याच दिवशी पाठ झाला.